सगळ्यांचं पृष्ठफळ १.४१ कसं?

नाशिकमधल्या एका रुग्णालयाच्या केमोथेरपी डे-केअरमध्ये नवी संगणकप्रणाली बसवली जात होती. तोवर उंची, वजन, शरीराचं पृष्ठफळ आणि त्यावरून निघणारा औषधाचा डोस हा सगळा हिशेब एका स्प्रेडशीटवर व्हायचा आणि तिथून वहीत उतरवला जायचा. नवी प्रणाली आल्यावर पहिले दोन आठवडे तिचे आकडे वहीतल्या आकड्यांशेजारी नुसते लिहायचे आणि औषध मात्र वहीवरूनच काढायचं, असं ठरलं होतं. या एका अटीमुळे पुढचं सगळं कागदावरच राहिलं, कुणाच्या शिरेपर्यंत गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी वहीत लागोपाठ तीन ओळी अशा आल्या (शेवटचे दोन आकडे पृष्ठफळाचे, चौरस मीटरमध्ये):

रुग्ण क: उंची १५२ सें.मी., वजन ६५ किलो. वहीत १.६६, प्रणालीत १.४१.
रुग्ण ख: उंची १६० सें.मी., वजन ५५ किलो. वहीत १.५६, प्रणालीत १.४१.
रुग्ण ग: उंची १६८ सें.मी., वजन ६३ किलो. वहीत १.७१, प्रणालीत १.४१.

तिघींनाही डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध द्यायचं होतं, दर चौरस मीटरला ६० मि.ग्रॅ. वहीप्रमाणे डोस ९९.६, ९३.६ आणि १०२.६ मि.ग्रॅ. येत होते. प्रणालीने तिघींच्या नावापुढे ८४.६ छापलं होतं. फार्मासिस्टची नजर पृष्ठफळावर गेलीच नव्हती. तीन वेगवेगळ्या चणीच्या बायकांना औषध थेंबाथेंबाने सारखं कसं, हे त्यांना खटकलं.

"सिस्टर, या तिघींचं वजन पुन्हा घ्या बरं. काटा अडकलाय का बघा."

"काटा बरोबर आहे सर. वजनं वेगवेगळीच आली आहेत, तुमच्या कागदावर छापलीत तीच."

सिस्टरचं म्हणणं खरं होतं. मापं बरोबर होती आणि प्रणालीत बरोबर उतरलीही होती. बिघाड त्यानंतर होत होता.

सूत्र आणि त्यातली एक भागाकाराची खूण

शरीराचं पृष्ठफळ, म्हणजे वॉर्डात सगळे ज्याला बीएसए म्हणतात ते, कुणी टेप लावून मोजत नाही. उंची आणि वजनावरून त्याचा अंदाज काढतात. या प्रणालीत मॉस्टेलर यांचं १९८७ सालचं सूत्र होतं आणि आज बहुतेक ठिकाणी तेच असतं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले ३६००, आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ. साध्या कॅल्क्युलेटरवर जमणारं, हीच त्याची खरी ताकद.

स्प्रेडशीटमध्ये ही ओळ वर्षानुवर्षं बिनचूक चालली होती. नव्या प्रणालीचा तो भाग जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला गेला. लिहिणाऱ्याने स्प्रेडशीटची ओळ समोर ठेवून ती जशीच्या तशी उतरवली:

बीएसए = वर्गमूळ(उंची * वजन / ३६००)

चिन्हं तीच, क्रम तोच, अर्थ मात्र बदलला. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक आकडा दशांशाचा असतो. जावामध्ये उंची आणि वजन 'इंट', म्हणजे पूर्णांक, म्हणून घोषित केले होते आणि ३६०० हाही पूर्णांकच. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की जावा उत्तरातला दशांश भाग टाकून देते. जवळच्या आकड्याला पूर्ण करत नाही, सरळ कापते.

रुग्ण क चा हिशेब पायरीपायरीने पाहू. १५२ गुणिले ६५ म्हणजे ९८८०. भागिले ३६०० केल्यावर यायला हवं २.७४४. जावाने ठेवलं २. दोनचं वर्गमूळ १.४१४. रुग्ण ख चे ८८०० भागिले ३६०० म्हणजे २.४४४, उरले २. रुग्ण ग चे १०५८४ भागिले ३६०० म्हणजे २.९४, तरीही उरले २. तिघी वेगवेगळ्या वाटांनी एकाच दोनवर येऊन थांबल्या.

म्हणजे ही प्रणाली मोजत नव्हती, रुग्णांना कप्प्यांत टाकत होती. उंची गुणिले वजन ३६०० पेक्षा कमी असेल तर पृष्ठफळ ०. ३६०० ते ७१९९ असेल तर १.००. ७२०० ते १०७९९ असेल तर १.४१. १०८०० ते १४३९९ असेल तर १.७३. १४४०० ते १७९९९ असेल तर २.००. कप्प्याच्या तळाशी असलेल्या माणसाचं उत्तर अगदी बरोबर येतं (१५० सें.मी. आणि ४८ किलो म्हणजे नेमके ७२००, उत्तर १.४१४, शंभर टक्के खरं) आणि वरच्या कडेला असलेल्याचं सर्वांत चुकीचं. १.४१ च्या कप्प्यात वरच्या कडेला चूक १८ टक्क्यांवर जाते, १.०० च्या कप्प्यात २९ टक्क्यांवर. १४६ सें.मी. आणि ४५ किलोची बाई घ्या. अशा चणीच्या बायका पेठ-सुरगाण्याकडून रोज येतात. तिचं खरं पृष्ठफळ १.३५, प्रणाली म्हणणार १.००. चौथा हिस्सा औषध कमी.

ही चूक नेहमी खालच्याच बाजूला जाते, हेही लक्षात ठेवण्यासारखं. जास्त डोसची चूक रुग्णाच्या अंगावर दिसते, रक्ततपासणीत दिसते. कमी डोसची दिसत नाही. त्या दिवशी उलटी कमी होते, रक्तातल्या पेशी कमी घसरतात, सगळ्यांना बरं वाटतं, आणि कर्करोगाची गाठ मात्र जितकी आकसायला हवी तितकी आकसत नाही. म्हणून 'थोडं कमीच गेलं ना, मग ठीक आहे' हा दिलासा इथे घेता येत नाही.

हे आधी का सापडलं नाही

चाचणी झालीच नव्हती असं नाही. चाचणीचे दोन रुग्ण होते. एक १८० सें.मी., ८० किलो. दुसरा १२० सें.मी., ३० किलो. पहिल्याचं अपेक्षित उत्तर २.००, आलं २.००. दुसऱ्याचं अपेक्षित १.००, आलं १.००. दोन्ही पास.

आता गुणाकार करून पाहा. १८० गुणिले ८० म्हणजे १४४००, तीन हजार सहाशेच्या बरोबर चौपट. १२० गुणिले ३० म्हणजे नेमके ३६००. दोन्हीकडे बाकी शून्य, त्यामुळे कापायला दशांश उरलाच नाही. चाचणीसाठी माणूस सहज असे गोल, तोंडी पडताळता येणारे आकडे निवडतो, आणि नेमक्या त्याच आकड्यांवर ही चूक अदृश्य होते. तोंडीच पडताळायचं असेल तर १५० सें.मी. आणि ५४ किलो घ्यावं: गुणाकार ८१००, भागाकार २.२५, वर्गमूळ १.५०. तेवढंच सोपं, आणि पूर्णांकाचा भागाकार असेल तर लगेच १.४१ दाखवून पितळ उघडं पाडणारं.

कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनेही हटकलं नाही. वर्गमूळाच्या फंक्शनला दशांशाचा आकडा लागतो. त्याला पूर्णांक मिळाला तर जावा तो मुकाट्याने दशांशात बदलून घेते. २ चे २.० झाले, पण तोवर ०.७४४ गेलेले होते. काही जण अशा वेळी सगळ्या कंसाबाहेर 'डबल' (दशांशाच्या आकड्याचा प्रकार) लावून प्रकार बदलतात, म्हणजे आधी भागाकार होतो आणि मग बदल. घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी घालण्यातला प्रकार. बदल भागाकाराच्या आधी, भाजकावर किंवा भाज्यावर व्हायला हवा.

सी, सी प्लस प्लस, सी शार्प, गो आणि रुबी या भाषांतही पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की असंच होतं. पायथॉन २ मध्ये व्हायचं, पायथॉन ३ मध्ये एका तिरक्या रेघेने होत नाही. जावास्क्रिप्ट आणि पीएचपीत होत नाही. डेटाबेस मात्र विसरू नये: पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर पूर्णांकांचा भागाकार कापतात, मायएसक्यूएल कापत नाही. म्हणजे पडद्यावरचा हिशेब दुरुस्त करून महिन्याच्या अहवालाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, तशीच ठेवली, तर अहवालात पुन्हा १.४१ उगवणार.

शंका आल्यावर निदान करायला कोड उघडावाही लागत नाही. साठवलेल्या बीएसएच्या रकान्यातले वेगवेगळे आकडे किती, एवढंच विचारायचं. इथे शेकड्याच्या आसपास नोंदींत, दोन शून्यं सोडली तर (त्यांचं पुढे येईल), तीनच आकडे निघाले: १.००, १.४१ आणि १.७३. माणसांच्या शरीरांत इतका एकसारखेपणा असूच शकत नाही. सगळ्यांचं १.०० येत असेल तर दोष वेगळा: कुणीतरी वर्गमूळाऐवजी '१/२ वा घात' लिहिलं आणि पूर्णांकांत १ भागिले २ म्हणजे ० झालं. कशाचाही शून्यावा घात १.

दुरुस्ती

तातडीची दुरुस्ती दोन अक्षरांची: ३६०० च्या जागी ३६००.०. भाजक दशांशाचा झाला की भागाकारही दशांशात होतो. पण एवढ्यावर सोडणं योग्य नव्हतं. सहा महिन्यांनी कोड नीटनेटका करणारा कुणीतरी 'हे .० कशाला' म्हणून ते काढून टाकील. शिवाय खरा दोष त्याच्या आधीच्या पायरीत होता: डेटाबेसमधला वजनाचा रकानाच पूर्णांक होता.

मोठ्यांच्या वॉर्डात याने फारसं बिघडत नाही, लहान मुलांत बिघडतं. ३.९ किलोचं बाळ ३ किलो म्हणून साठवलं गेलं, तर भागाकार कितीही शुद्ध केला तरी पृष्ठफळ १२ टक्क्यांनी कमीच येणार. म्हणून वजनाचा रकाना दशांशाचा केला: मोठ्यांना एक दशांशस्थळ पुरतं, बाळांसाठी दोन ठेवली. उंचीला एक. फंक्शनच्या नावात आणि प्रत्येक चलाच्या नावात एकक आणलं: 'उंची' नाही, 'उंची_सेंमी', 'वजन' नाही, 'वजन_किलो'. हे दिसायला किरकोळ आहे, पण पुढच्या प्रकारात त्याचाच उपयोग झाला.

दुसरा दोष, पहिल्याच्या सावलीत बसलेला

भागाकार सुधारल्यावर वही आणि प्रणाली बहुतेक ठिकाणी जुळू लागली. ती दोन शून्यं सोडली तरी चार-पाच ओळी मात्र अजून जुळत नव्हत्या, आणि सगळ्या उंच पुरुषांच्या होत्या.

नाशिक शहर असो की सिन्नर-निफाड, उंची विचारली की उत्तर फुटांतच येतं. "काका, उंची किती?" "पाच फूट दहा." नव्या फॉर्ममध्ये उंचीसाठी फुटांची एकच चौकट होती. नोंदणीवरच्या मुलीने तिथे ५.१० भरलं. आकड्याच्या चौकटीला ५.१० आणि ५.१ यांत फरक नाही. शेवटचं शून्य गळून पडलं. मग प्रणालीने ५.१ ला ३०.४८ ने गुणलं आणि उंची लावली १५५.४ सें.मी. काकांची खरी उंची १७७.८. वजन ६८ किलो धरलं तर पृष्ठफळ १.८३ ऐवजी १.७१, म्हणजे साडेसहा टक्के कमी.

यात दोन चुका एकमेकींवर बसलेल्या आहेत. पहिली म्हणजे पाच फूट दहा आणि पाच फूट एक हे एकाच आकड्यावर आले. दुसरी म्हणजे फुटाचे भाग बारा असतात, दहा नाहीत. ५.९ म्हणजे पाच फूट नऊ इंच नव्हे, तर पाच फूट पावणेअकरा इंचांच्या किंचित वर. एक ते नऊ इंचांपर्यंत ही दुसरी चूक उंची थोडी वाढवते, पृष्ठफळात जास्तीत जास्त सव्वा टक्क्याच्या घरात, त्यामुळे ती कुणाला जाणवत नाही. दहा आणि अकरा इंचांना मात्र उंची वीतभर खाली कोसळते. पाच फूट अकराचा माणूस ५.११ म्हणून गेला की १८०.३ चे १५५.८ सें.मी. होतात आणि पृष्ठफळ ७ टक्क्यांनी घसरतं.

सहा-सात टक्के हा आकडा फार वाईट जागी येतो. कुपीच्या मापात बसवण्यासाठी डोस ५ ते १० टक्क्यांच्या आत कमी-जास्त करण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी असते. तेवढ्यात बसणारी चूक तपासणीच्या जाळीतून अलगद निसटते. वर रुग्ण ख चा डोस ९३.६ ऐवजी ८४.६ आला होता, फरक ९.६ टक्के. एकट्या त्याच रुग्णाचा कागद समोर आला असता तर तो 'दहा टक्क्यांच्या आत' म्हणून पुढे गेला असता.

उपाय म्हणून फूट आणि इंच यांच्या दोन स्वतंत्र चौकटी केल्या, इंचांच्या चौकटीत ० ते ११.९ एवढंच स्वीकारायचं, आणि रूपांतर एकाच जागी: फूट गुणिले १२ अधिक इंच, त्याला २.५४ ने गुणायचं. रूपांतरित सेंटिमीटर लगेच पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसतात. डे-केअरने मात्र याहून चांगला उपाय केला: सांगितलेली उंची घेणंच बंद केलं. भिंतीवरच्या पट्टीला चप्पल काढून टेकवायचं आणि सेंटिमीटर लिहायचे. प्रौढांचं हे एकदाच करावं लागतं.

वजनाचं तसं नाही, ते दर सायकलला, म्हणजे औषधाच्या दर फेरीला, घ्यायचं. आणि हिवाळ्यात निफाडचा पारा उतरला की माणसं स्वेटर, शाल, कानटोपी अशा थाटात काट्यावर उभी राहतात. दोन किलो सहज वाढतात. ६५ च्या जागी ६७ गेले तर पृष्ठफळ दीड टक्क्याने वाढतं. वर्गमूळामुळे मापातली चूक उत्तरात निम्मी होते, ही या सूत्राची सहनशीलता. पण ती मापाच्या चुकीला आहे, एककाच्या चुकीला नाही. उंची मीटरमध्ये गेली, १६० ऐवजी १.६०, तर उत्तर दहापट खाली: १.५६ चं ०.१६. बाळाचं वजन ग्रॅममध्ये गेलं तर जवळजवळ बत्तीसपट वर. असली चूक निदान डोळ्यांना दिसते.

शून्याचं कोडं

दोन नोंदींत पृष्ठफळ शून्य आलं होतं. पहिल्या दोषातही शून्य येऊ शकतं, म्हणून सुरुवातीला तिकडेच बोट दाखवलं गेलं. पण हे रुग्ण मोठे होते आणि दुरुस्तीनंतरही शून्य कायम होतं.

नोंदणीचा टॅब्लेट मराठी कीबोर्डवर होता. वजनाच्या चौकटीत ५५ हे देवनागरी अंकांत टाइप होत होतं. वाचणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही, ब्राउझरच्या अंकांच्या चौकटीला मात्र देवनागरी अंक हे अंकच वाटत नाहीत, आणि कोडच्या हाती येतो तो रिकामा मजकूर. जावास्क्रिप्टचं 'नंबर' हे फंक्शन रिकाम्या मजकुराचं शून्य करून देतं, तक्रार न करता. 'पार्सफ्लोट' वापरलं असतं तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही', असं उत्तर आलं असतं आणि चूक लगेच कळली असती. पायथॉन मात्र देवनागरी अंक थेट वाचतो, त्यामुळे सर्व्हरच्या बाजूने केलेल्या चाचणीत सगळं आलबेल होतं.

मराठी मुलखात चालणाऱ्या कुठल्याही फॉर्मला हे सुधारून घ्यावंच लागतं. चौकट मजकुराची ठेवायची, आलेल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकातला त्या अक्षराचा ठरलेला क्रमांक, पाहायचा: देवनागरी ० ते ९ सलग २४०६ ते २४१५ वर बसलेत, इंग्रजी अंक ४८ ते ५७ वर. देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झालं. त्यानंतरही अंक आणि दशांशबिंदू यांव्यतिरिक्त काही उरलं तर नोंद नाकारायची. कर्मचाऱ्यांना 'इंग्रजी आकडेच टाका' अशी सूचना चिकटवणं हा उपाय नाही. मराठीत लिहिणाऱ्या माणसाने मराठी अंक लिहिणं ही चूक नाही.

कुठलं सूत्र, आणि दुसरं कशाला हवं

सर्वांत जुनं आणि अजून वापरात असलेलं सूत्र द्यू ब्वा यांचं, १९१६ सालचं: ०.००७१८४ गुणिले वजनाचा ०.४२५ वा घात गुणिले उंचीचा ०.७२५ वा घात. ते अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापांवर उभं आहे. मुलांसाठी हेकॉक यांचं १९७८ सालचं सूत्र अनेक ठिकाणी चालतं. मध्यम चणीच्या प्रौढात यांत फरक पडत नाही: १६० सें.मी. आणि ५५ किलोला मॉस्टेलर आणि द्यू ब्वा दोन्ही १.५६ च देतात. टोकांना पडतो. ५० सें.मी., ३.२ किलोच्या नवजात बाळाला द्यू ब्वा ०.२०१, मॉस्टेलर ०.२११, हेकॉक ०.२१४. बुटक्या आणि स्थूल माणसाला, समजा १५० सें.मी. आणि ९० किलो, मॉस्टेलर १.९४ तर द्यू ब्वा १.८४. कुठलं 'बरोबर' यावर वाद घालण्यापेक्षा एकच निवडावं, सगळ्या वॉर्डांत तेच ठेवावं आणि छापील कागदावर त्याचं नाव यावं. तेच सूत्र उपचारपद्धतीच्या मूळ कागदपत्रात सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला.

तरीही द्यू ब्वा कोडमध्ये ठेवावं, पडताळणीसाठी. मॉस्टेलरमध्ये एक खोट दडलेली आहे: उंची आणि वजन यांची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येतं, कारण गुणाकाराला क्रम नसतो. फंक्शनला आकडे उलट्या क्रमाने पाठवले गेले तरी पृष्ठफळ बरोबर, आणि मग किलोमागे डोस असलेल्या पुढच्या औषधाला १६० किलोचा हिशेब. द्यू ब्वामध्ये घातांक वेगळे असल्याने अदलाबदल केली की १.५६ चं १.१३ होतं. दोन सूत्रांत ८ टक्क्यांहून जास्त तफावत आली तर नोंद थांबवून माप पुन्हा घ्यायला सांगायचं, असा नियम इथे घातला. नेहमीच्या शरीरांत ही तफावत ५ टक्क्यांच्या आतच राहते. अर्थात पूर्णांकाच्या भागाकाराचा दोष या जाळ्यातही प्रत्येक वेळी सापडला नसता, कप्प्याच्या तळाचे रुग्ण निसटले असते. म्हणून ही पडताळणी चाचण्यांची जागा घेत नाही.

द्यू ब्वा कोडमध्ये आणताना ^ या चिन्हापासून सावध. स्प्रेडशीटमध्ये त्याचा अर्थ घात; सी, जावा, जावास्क्रिप्ट, पायथॉनमध्ये बिटांवरची क्रिया. जावा आणि पायथॉन दशांशाच्या आकड्यावर ते चालवू देत नाहीत. जावास्क्रिप्ट चालवू देते: ७० किलो आणि १६० सें.मी. साठी उत्तर येतं ६८ चौरस मीटर, म्हणजे एका छोट्या फ्लॅटचं क्षेत्रफळ. आणि स्प्रेडशीटमध्ये मॉस्टेलर लिहितानाही, वर्गमूळाऐवजी शेवटी ^०.५ लावलं आणि कंस विसरला, तर वर्गमूळ फक्त ३६०० चं निघतं आणि रुग्ण ख ला १४६.७ मिळतात.

२ ची मर्यादा

कोड तपासताना एक ओळ अशी सापडली की बीएसए २.० च्या वर गेलं तर २.० च धरायचं. लिहिणाऱ्याने ती चांगल्या हेतूने घातली होती, आणि जुन्या वहिवाटीत ती पुष्कळ ठिकाणी दिसते. १७८ सें.मी. आणि १०० किलोच्या माणसाचं पृष्ठफळ २.२२, ही ओळ त्याचं दहा टक्के औषध गुपचूप कापते. स्थूल रुग्णांना प्रत्यक्ष वजनावर पूर्ण डोस द्यावा, अशी अमेरिकेतल्या एएससीओ या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०१२ पासूनची शिफारस आहे. कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांचा निर्णय, कारण लिहून घेतलेला. फंक्शनच्या पोटातली मर्यादा कुणाला दिसत नाही, म्हणून ती काढली.

हा घोटाळा बहुधा व्हिन्क्रिस्टिन या औषधावरून आला असावा. त्याचा एका वेळचा डोस २ मि.ग्रॅ. वर रोखण्याची पद्धत आहे. तो दोन मि.ग्रॅ. चा दोन आहे, औषधाच्या नोंदीत राहायला हवा. चौरस मीटरशी त्याचा संबंध नाही. याच ओघात कार्बोप्लॅटिन हे औषधही बीएसएच्या यादीतून बाहेर काढलं. त्याचा डोस कॅल्व्हर्ट सूत्राने, मूत्रपिंडाच्या गाळणीच्या वेगावरून निघतो.

गोलाई

पृष्ठफळ दोन दशांशांत दाखवायचं, पण डोस काढताना न कापलेला आकडा वापरायचा की दाखवलेला? गणिताच्या शुद्धतेसाठी पहिला. वॉर्डातल्या पडताळणीसाठी दुसरा, कारण सिस्टर कागदावरचे १.६६ घेऊन कॅल्क्युलेटरवर ६० ने गुणतात, ९९.६ येतात, आणि प्रणालीने ९९.४ छापलं की शंका निर्माण होते. इथे दुसरा पर्याय घेतला. ०.२ मि.ग्रॅ. चा फरक सिरिंजमध्ये एक दशांश मि.लि. आहे, माणसाला स्वतः पडताळता येणं त्याहून मोलाचं. लहान मुलांच्या वॉर्डात मात्र तीन दशांश ठेवले, कारण ०.२१ मध्ये शेवटच्या अंकाचं वजन मोठं असतं. एक बारीक खाच: १.००५ हा आकडा संगणकात नेमका बसत नाही, किंचित कमी साठतो, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये दोन दशांशांवर आणला की १.०१ ऐवजी १.०० होतो. जावामध्ये 'बिगडेसिमल' हा नेमक्या दशांशांचा प्रकार वापरून आणि 'अर्धा वर' हा नियम स्पष्ट सांगून हे मिटवता येतं.

आता चाचण्यांत काय आहे

कोडमध्ये कुठलाही बदल झाला की पुढचे रुग्ण आपोआप तपासले जातात, उत्तर चौथ्या दशांशापर्यंत: १५२ आणि ६५ ला १.६५६६, १६० आणि ५५ ला १.५६३५, १६८ आणि ६३ ला १.७१४६, १४६ आणि ४५ ला १.३५०९, ९० आणि १३ ला ०.५७०१, ५० आणि ३.२ ला ०.२१०८. पाच फूट दहा आणि पाच फूट एक यांची उत्तरं वेगळी यायलाच हवीत. देवनागरी ५५ आणि इंग्रजी ५५ यांचं उत्तर एकच. रिकामी चौकट, उणे वजन, प्रौढाची १.६० उंची, यांना उत्तर येताच कामा नये. तिथे शून्यही चालत नाही, नोंद अडलीच पाहिजे.

पृष्ठफळ रुग्णाच्या कायमच्या माहितीत साठवणंही बंद केलं. ते दर सायकलला त्या दिवसाच्या वजनावरून नव्याने निघतं, आणि मागच्या खेपेपेक्षा वजन ५ टक्क्यांहून बदललं असेल तर पडद्यावर दोन्ही वजनं शेजारी शेजारी दिसतात.

समांतर नोंदीची मुदत दोनाची चार आठवडे केली. औषधाच्या पाकिटावर आता नुसता डोस छापला जात नाही. रुग्ण क च्या पुढच्या पाकिटावर होतं: उंची १५२ सें.मी., वजन ६४.५ किलो, आज मोजलेलं, मॉस्टेलर, १.६५ चौ.मी., गुणिले ६०, ९९ मि.ग्रॅ. सिस्टरने कॅल्क्युलेटरवर तोच हिशेब करून शेजारी सही केली.